भरतीचं मैदान: आधी जात, मग छाती, मग घड्याळ



तुमच्यातले बरेच जण हा भाग पहाटे पाचला, रनिंगला निघताना कानात लावून ऐकतात, हे आम्हाला तुमच्या मेसेजवरून कळतं. म्हणून आजचा विषय खास तुमच्यासाठी: भरतीचं ग्राउंड. पण ‘दहा दिवसांत स्टॅमिना वाढवा’ असलं काही आज मिळणार नाही. आज बघायचंय की या मैदानावर तुम्हाला उभं राहता यावं म्हणून किती लोकांना किती वर्षं झगडावं लागलं.

आधी आजचं चित्र. अग्निवीर जनरल ड्युटीसाठी मुलांना १६०० मीटर पळायचं असतं. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण ६० गुण. मग बीम, म्हणजे पुलअप्स. दहा मारले की ४० गुण. त्यानंतर ९ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. त्यांना गुण नाहीत, नुसतं पास व्हावं लागतं. पुढे उंची, वजन, छाती आणि मेडिकल. छाती फुगवल्यावर निदान ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे.

थोडक्यात, मैदान तुम्हाला एकच प्रश्न विचारतं: किती वेळात आणि किती वेळा? हा प्रश्न आपल्याला इतका साधा वाटतो, की कधीकाळी पहिला प्रश्न वेगळाच होता हे ध्यानातही येत नाही. तो प्रश्न होता: तू कोणाचा?

चला, मागे जाऊ. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत सुरुवातीला सगळ्या थरांतले लोक होते. मराठे होते, मुसलमान होते, आणि महार सैनिकही मोठ्या संख्येनं होते. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला जी लढाई झाली, तिथल्या जयस्तंभावर ‘नाक’ने संपणारी नावं कोरलेली आहेत. ते महार सैनिक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ याच लष्करात सुभेदार होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा आणि तोही महू या लष्करी छावणीतला.

मग १८५७ झालं. इंग्रज हादरले आणि कुणाला फौजेत घ्यायचं याचा नव्यानं हिशोब सुरू झाला. पुढच्या तीसेक वर्षांत त्यातून ‘लढवय्या जमाती’ नावाची कल्पना पक्की झाली. म्हणजे काही जाती जन्मानंच शूर आणि बाकीच्या नाहीत. लॉर्ड रॉबर्ट्स हा १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता. तो या कल्पनेचा मोठा पुरस्कर्ता. त्याची पसंती उत्तरेकडच्या लोकांना, मद्रास आणि मुंबईकडच्या सैनिकांना तो कमी लेखायचा. १८९२–९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली.

आता जरा थांबून विचार करा. समजा त्या काळात कोकणातल्या एखाद्या गावात अठरा वर्षांचा एक महार मुलगा आहे. डोंगर चढून-उतरून पायात ताकद आलीय, ओझी वाहून खांदे तयार झालेत. बाप सैन्यात होता, आजा सैन्यात होता. तो छावणीच्या दाराशी जातो आणि त्याची उंची मोजायच्या आधीच त्याला परत पाठवलं जातं. तो नापास झालेला नाही. त्याची परीक्षाच झालेली नाही.

नापास होणं वाईटच, तुमच्यातल्या काहींना ते दुखणं चांगलं माहीत आहे. पण नापास झालेला पोरगा पुढच्या वर्षी परत येऊ शकतो. ज्याची परीक्षाच घेतली नाही, त्यानं काय सुधारायचं?

शिवाय ही गोष्ट नुसत्या नोकरीची नव्हती. सैन्यात पगार होता, पेन्शन होतं, मुलांना शाळा होती. गावात ज्याला सावलीबाहेर उभं केलं जायचं, त्याच्या अंगावर तिथे वर्दी यायची. भरती बंद झाली म्हणजे वर येण्याची एक पायरीच काढून घेतली.

यावर पहिला आवाज उठवला तो सैन्यातून निवृत्त झालेल्यांनीच. दापोलीला राहणारे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः माजी सैनिक. त्यांनी १८९४ मध्ये सरकारला अर्ज लिहिला, की आमच्या लोकांना पुन्हा सैन्यात घ्या. पुढे १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला, थेट इंग्लंडमधल्या भारतमंत्र्यांकडे. एक पिढी सरली, पण अर्ज थांबले नाहीत.

दार उघडलं ते युद्धानं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. माणसं कमी पडायला लागली तसे जन्मानं शूर वगैरेचे नियम सैल झाले. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात अडकल्या. उपासमार सोसली, शेवटी १९१६ मध्ये कैदेत गेल्या. ज्यांना रॉबर्ट्सच्या काळात कमी लेखलं होतं, त्यांनी काय सोसलं ते साऱ्या जगानं पाहिलं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावानं या एका युद्धात ४६ माणसं गमावली. आजही त्या गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात.

युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये महार पलटण मोडली. गरज होती तेव्हा घेतलं, गरज सरली तेव्हा घरी पाठवलं. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि महारांची स्वतंत्र रेजिमेंट हवी हा आग्रह त्यांनी धरला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. १८९२ ते १९४१, मोजा. जवळजवळ पन्नास वर्षं, आणि मधली चारच काय ती सुटीची.

तुम्ही म्हणाल, यात फिटनेस कुठे आला? आता येतोय.

जात विचारून झाल्यावर इंग्रज अधिकारी टेप काढायचा. उंची किती, छाती किती. आपल्याकडे शरीर कमवायची जागा म्हणजे तालीम. जोर, बैठका, कुस्ती, मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं, १९१२ मध्ये ते पूर्ण झालं. या सगळ्यातून जे शरीर घडायचं ते दोन-तीन महिन्यांत नाही, वर्षानुवर्षांत. पोरगं दहा-बारा वर्षांचं असताना लाल मातीत उतरायचं आणि विशीत तयार व्हायचं.

असलं शरीर लढाईत कुठे लागतं? ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव, आपल्याच तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले, हे कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप घेऊन पळणारे. नदी ओलांडताना गोळीबार झाला, सोबतचे पडले. जाधवांनी एका जखमी सहकाऱ्याला उचललं, नदीतून, उंच बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणलं. मग परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. त्यानंतर पुन्हा पुढे जाऊन शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या गप्प केल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पळणं, चढणं, स्वतःचं आणि दुसऱ्याचं वजन पेलणं. तुमच्या ग्राउंडवर याच तीन गोष्टी बघतात, फक्त तिथे कुणी गोळ्या झाडत नसतं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी राहिली. सगळ्या समाजांतले, सगळ्या प्रांतांतले जवान एकत्र असलेली ही पहिली रेजिमेंट. जुन्या काही रेजिमेंटांची समाजनिहाय रचना आजही टिकून आहे, ते नाकारायला नको. पण धावायच्या रेषेवर उभं राहायला आता कुणाला जातीवरून मज्जाव नाही.

आणि मुली? शिपाई म्हणून सैन्यात जायचं दार मुलींना उघडलं ते थेट २०१९ मध्ये, लष्करी पोलीस दलात. ८३ मुलींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बंगळुरूहून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. त्याआधी एखादी मुलगी कितीही जोरात पळाली असती तरी तिच्यासाठी घड्याळ सुरूच झालं नसतं. कोकणातल्या त्या मुलाची गोष्ट आठवली ना?

म्हणून आता, ज्यांच्यासाठी घड्याळ सुरू होणार आहे त्यांच्याशी दोन शब्द.

१६०० मीटर म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर चार राउंड. साडेपाच मिनिटांत बसवायचं तर एका राउंडला सरासरी साडेब्याऐंशी सेकंद. पहिला राउंड सत्तरमध्ये मारणारे तिसऱ्यात चालायला लागतात, हे तुम्ही रोज बघता. रोज जिवाच्या आकांतानं पळू नका. बरेच दिवस सावकाश आणि लांब पळा, आठवड्यातून दोनदाच जोरात. नडगी दुखायला लागली तर थांबा. ती आळशीपणाची खूण नाही, हाडावर ताण येतोय त्याची आहे. बीम एकही निघत नसेल तर उडी मारून वर जा आणि हळूहळू खाली या. महिन्याभरात फरक दिसेल.

आणि एक गोष्ट कळकळीनं. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले. नंतर ते अंतर कमी करण्यात आलं, पण गेलेली पोरं परत आली नाहीत. उन्हात, उपाशीपोटी, रात्रभर प्रवास करून थेट ट्रॅकवर उतरू नका. ऐनवेळी कुणी गोळी किंवा इंजेक्शन देऊ केलं तर सरळ नाही म्हणा. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर बाजूला व्हा. भरती पुन्हा निघेल.

घड्याळाचंही सगळं बरोबर असतं असं नाही. ते एका सकाळचे साडेपाच मिनिटं मोजतं, तुमची तीन वर्षं त्याला दिसत नाहीत. कुणाकडे ट्रॅक आहे, दूध-अंडी आहेत, कुणी डांबरी रस्त्यावर फाटक्या बुटात पळतोय, हेही त्याला दिसत नाही. पण ते तुमचं आडनाव विचारत नाही. वलंगकर आणि कांबळे जे मागत होते, त्यात शिफारस नव्हती, सवलतही नव्हती. आमची परीक्षा घ्या, एवढंच होतं.

उद्या पहाटे रेषेवर उभे राहाल तेव्हा हे आठवा. आणि पहिला राउंड सत्तरमध्ये मारू नका!

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, पाणी पीत राहा.