साताऱ्याचे रँग्लर महाजनी आणि लोखंडातला चुंबक

साताऱ्याच्या आझाद कॉलेजात बी.एड. केले तेव्हा गणेश सखाराम महाजनी हे नाव माझ्या कानावर आले नव्हते. १८९८ साली साताऱ्यात जन्मलेले महाजनी केंब्रिजला जाऊन रँग्लर झाले, आणि १९२९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लोहचुंबकी स्फटिकांवरचा त्यांचा निबंध छापून आला.

प्रश्न साधा वाटतो. लोखंडाचा एकसंध स्फटिक घनाच्या कडेच्या दिशेने सहज चुंबकित होतो. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या कर्णाच्या दिशेने मात्र जास्त जोर लावावा लागतो. निकेलमध्ये नेमके उलटे. असे का? महाजनींनी अणूतला चुंबक नुसता बिंदू नाही, त्याला आकारमान आहे असे धरले आणि जुन्या, न्यूटन-मॅक्सवेलच्या परंपरेतल्या गणिताने उत्तर शोधले.

पण तोवर पायाखालची जमीन सरकली होती. १९२७ साली कोपनहेगनमध्ये पंचवीस वर्षांच्या वर्नर हायझेनबर्गने अनिश्चिततेचे तत्त्व मांडले. इलेक्ट्रॉनचे स्थान जितके नेमके, तितका त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, कमी नेमका. दोन्हींतल्या अनिश्चिततांचा गुणाकार एका ठराविक मर्यादेखाली नेताच येत नाही. म्हणजे आखीव वाटेने फिरणारा इलेक्ट्रॉन हे चित्रच गेले. वाट नाही, तर सारख्याच दोन इलेक्ट्रॉनांपैकी कोणता या अणूचा आणि कोणता शेजारच्या, हेही सांगता येत नाही. १९२८ मध्ये हायझेनबर्गने नेमक्या याच अदलाबदलीतून लोखंडाचे चुंबकत्व समजावले. छोट्या चुंबकांची एकमेकांवरची साधी ओढ त्यासाठी सुमारे हजारपटीने अपुरी पडत होती.

सांगलीत हे सांगत होतो, तर एक शिक्षक मित्र म्हणाले, "म्हणजे सर, सायन्सलाही खात्री नाहीच की!" हे वाक्य मी तकरीरीतही ऐकले आहे आणि कीर्तनातही. दोष थोडा शब्दाचा आहे. हायझेनबर्गने जर्मनमध्ये वापरलेल्या शब्दांचा अर्थ 'नेमकेपणा नसणे' आणि 'ठरलेले नसणे' असा होतो. मराठीतल्या 'अनिश्चितता'मधून 'ठरलेले नाही' आणि 'खात्री नाही' हे दोन्ही निघते. उर्दूतले 'गैर-यकीनी' तर थेट यकीनलाच हात घालते! मुलांना शिकवताना मी 'अनिर्धार्यता' म्हणून पाहिले, पण ते जिभेवर बसत नाही.

खरे तर या तत्त्वामुळेच वस्तू टिकून आहेत. इलेक्ट्रॉनला केंद्राजवळ दाबून बसवायला गेलो की त्याची जागा नेमकी होत जाते, म्हणून संवेगाचा पसारा वाढतो आणि तो तिथे मावत नाही. तसे नसते तर अणू आतल्या आत कोसळला असता, आणि अजिंक्यताऱ्याचा काळा पाषाणही उरला नसता. अज्ञानाची कबुली इथे कुठेच नाही.

दिशेचा प्रश्न क्वांटमच्या भाषेत नेला तो १९३१ साली ब्लॉख आणि जेंटिले यांनी. इलेक्ट्रॉनची फिरकी आणि त्याची अणूतली गती यांचे नाते त्यांनी त्यासाठी धरले. महाजनींचे उत्तर मागे पडले. पण लोखंड आणि निकेल उलटे का वागतात, हा त्यांचा प्रश्न नव्या लोकांनाही सोडवावाच लागला. महाजनी पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, नंतर राजपुताना आणि दिल्ली विद्यापीठांचे कुलगुरू. सातारकरांना त्यांची ओळख असलीच तर ती शिक्षणतज्ज्ञ म्हणून आहे, चुंबकावरचे गणित मांडणारे म्हणून नाही.