ठाणे-डोंबिवली पट्ट्यातील असंपृक्त संयुगे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कार्बनच्या अणूंमधील दुहेरी वा तिहेरी बंध हे असंपृक्त हायड्रोकार्बनचे वैशिष्ट्य होय. हा बंध सहज उघडून नवे अणू जोडून घेतो. याच क्रियाशीलतेने ठाणे जिल्ह्यातील रसायनोद्योगाला चालना दिली. ठाणे-बेलापूर मार्गावरील ‘नोसिल’च्या संकुलात १९६८ पासून नाफ्थ्याचे सुमारे ८०० अंश सेल्सियसला भंजन करून इथिलीन, प्रोपिलीन व अरोमॅटिक वर्गातील बेंझीन मिळविले जाऊ लागले. पुढे हे संकुल बंद झाले. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी झालेल्या स्फोटात १२ जण मृत्युमुखी पडले. चौकशी अहवालाने प्रोपार्जिल क्लोराइड या तिहेरी बंधाच्या संयुगाकडे निर्देश केला. उद्योगास उपकारक ठरलेला गुणधर्मच लोकवस्तीलगत घातक ठरू शकतो. म्हणून साठवणुकीचे नियोजन करताना कारखान्याच्या कुंपणापलीकडील वस्तीचाही विचार होणे अगत्याचे ठरते.