शाळेची तपासणी : शेरेबुकात काय आणि पालकांच्या हाती काय?

शाळेत ‘साहेब’ येणार म्हटले की भिंतींना रंग लागतो, वर्गात नवे तक्ते टांगले जातात आणि मुलांना गणवेशाची सक्त ताकीद मिळते. जुन्या पिढीने ‘दिपोटी’ म्हणून ओळखलेला हा अधिकारी ब्रिटिश काळापासून शाळांच्या दारी येत आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर प्रांतोप्रांती शिक्षण खाती आणि निरीक्षक अस्तित्वात आले. पद्धत एवढी जुनी असली, तरी तपासणीत नेमके काय पाहिले जाते आणि त्याचा आपल्या पाल्याशी काय संबंध, याची माहिती बहुसंख्य पालकांना नसते.

तपासणी कोण करते?

जिल्हा परिषदेच्या क्षेत्रात केंद्रप्रमुख, शिक्षण विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी अशी उतरंड आहे. महापालिका क्षेत्रात प्राथमिक शाळांवर महापालिकेच्या शिक्षण विभागाची देखरेख असते. मुंबईतील माध्यमिक शाळा उत्तर, दक्षिण व पश्चिम या तीन विभागांच्या शिक्षण निरीक्षकांकडे आहेत.

केंद्रीय मंडळाच्या शाळांची पाहणी त्या मंडळाची समिती करते. मात्र अशा शाळांचा राज्य शासनाशी संबंध नाही, हा समज चुकीचा आहे. मंडळाची संलग्नता आणि शासनाची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी असून दोन्ही आवश्यक आहेत.

काय पाहिले जाते?

तपासणीचा मोठा भाग कागदपत्रांचा असतो. जनरल रजिस्टर, विद्यार्थ्यांची व शिक्षकांची हजेरी, टाचणवह्या, मुख्याध्यापकांचे लॉगबुक, पोषण आहाराच्या नोंदी तपासल्या जातात. त्यानंतर वर्गभेट होते, मुलांना वाचन व गणिताचे प्रश्न विचारले जातात आणि शेवटी शेरेबुकात अभिप्राय लिहिला जातो.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने किमान निकषही घालून दिले आहेत. मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, क्रीडांगण, ग्रंथालय आणि अपंग विद्यार्थ्यांना अडथळा होणार नाही असा प्रवेशमार्ग असणे बंधनकारक आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन अपेक्षित आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत दर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक हवा. हे निकष विनाअनुदानित शाळांनाही लागू आहेत.

पूर्वसूचना आणि अचानक भेट

तारीख आधी कळवून झालेल्या तपासणीत शाळेचे सजवलेले रूप दिसते. अचानक भेटीत वेगळेच चित्र समोर येऊ शकते. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर एकाच वेळी विशेष पटपडताळणी झाली, तेव्हा हजेरीपटावर असलेली अनेक मुले वर्गात नसल्याचे उघड झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने अशाच अचानक पाहणीनंतर देशातील २० शाळांची संलग्नता रद्द केली.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील बालिकांवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आल्यानंतर सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. त्याच महिन्यात काढलेल्या शासन निर्णयाने शाळांमध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती यांबाबत स्पष्ट निर्देश दिले. या बाबी कागदावर आहेत की प्रत्यक्षात, हे पालकही पाहू शकतात.

मान्यता गेल्यास

विनामान्यता शाळा चालविल्यास एक लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरही ती सुरू ठेवल्यास प्रतिदिन १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अटींचा भंग केल्यास शाळेला म्हणणे मांडण्याची संधी देऊन मान्यता काढून घेता येते. अशा आदेशात तेथील मुलांना परिसरातील कोणत्या शाळेत सामावून घ्यायचे, हे नमूद करणे कायद्याने सक्तीचे आहे. तरीही वर्षाच्या मध्यावर शाळा बदलण्याची पाळी मुलांवरच येते. म्हणूनच प्रवेशापूर्वीची चौकशी महत्त्वाची ठरते.

पालकांनी काय करावे?

१. प्रवेश घेताना मान्यतेचे प्रमाणपत्र पाहावे आणि त्याची मुदत तपासावी. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक विचारावा. महाराष्ट्रातील शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो.

२. शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मागील तपासणीत कोणत्या त्रुटी निघाल्या आणि त्या दूर झाल्या का, हा प्रश्न तेथे विचारावा. खासगी शाळांत तो पालक-शिक्षक संघाच्या सभेत मांडता येतो.

३. अहवाल दाखविण्यास टाळाटाळ होत असल्यास शिक्षणाधिकारी कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये असून ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो.

४. शारीरिक शिक्षा, मानसिक छळ किंवा बालकाच्या हक्काचा अन्य भंग झाल्यास स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. त्यानंतर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

तपासणी अधिकारी वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवशी शाळेत येतात, मूल मात्र रोज तेथे जाते. नळाला पाणी होते का, गणिताचा तास झाला का, आज कोणी मारले का, हे त्याला घरी आल्यावर विचारले, तर शेरेबुकात न उतरलेल्या अनेक गोष्टी कळतात. त्या लेखी स्वरूपात योग्य कार्यालयात पोहोचल्या, तर पुढच्या तपासणीत कोणत्या वर्गाचे दार उघडायचे हे अधिकाऱ्यांनाही कळेल.