चिंचेखालची हजेरी

मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस भरला की मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. त्याच उरुसात दर्ग्याच्या आवारातल्या चिंचेखाली रात्र रात्र गाणं चालतं. गवई येतात ते हजेरी लावायला. बिदागीची बोलणी तिथे होत नाहीत. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशा किराना घराण्याच्या दिग्गजांनी ही सेवा केली.

ही रीत याच घराण्याचे गवई उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने चालते. त्यांचा जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैरान्यातला. बडोदे दरबारची नोकरी सोडून ते दक्षिणेकडे आले आणि मिरजेचे झाले. प्लेगने गाठलं तेव्हा दर्ग्यात गाऊन ते बरे झाले, असं मिरजकर सांगतात. आख्यायिका खरी माना किंवा मानू नका. पुढची सगळी वर्षं ते या दर्ग्याशी बांधलेले राहिले, एवढं नक्की.

त्यांच्या गाण्याबद्दल ऐकणारे समाधी, तंद्री, ध्यान असेच शब्द वापरत. पण हा माणूस हाताने कारागीरही होता. वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचा हात बसलेला होता आणि तंबोऱ्याच्या बाबतीत तडजोड त्यांना चालत नसे. त्यांच्या कानाची ख्याती अशी, की सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींच्या अभ्यासासाठी त्यांच्याकडून स्वर गाऊन घेतले.

अशा कानाला मिरजेसारखं गाव मिळावं, हा योग मोठा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सतार-तंबोरे बनू लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे वाळवून मिरजेत येतात आणि त्यांवर लाकडी दांडी चढते. खरी परीक्षा असते जवारीची, म्हणजे तारेला गुंजता आवाज देण्याची. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसीने अगदी हलक्या हाताने घासायचा, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवायचा. धागा केसभर पुढेमागे झाला तरी तार मुकी वाटते. जागेवर बसला की एकाच तारेतून स्वरांची झालर उठते. षड्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो तो इथेच. खाँसाहेबांचा संथ, एकेका स्वरावर मुक्काम करणारा आलाप या झालरीच्या आधाराने उभा होता. त्या गाण्यातलं अलौकिक काही शोधायचं असेल, तर आधी या धाग्यापाशी थांबावं लागतं.

बाकी त्यांचा मृत्यूही त्यांच्या गाण्याला शोभेल असाच सांगितला जातो. २७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले असताना गाडीत छातीत कळ आली. सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले, फलाटावर बिछाना घालायला सांगितला, तंबोरा जुळवला आणि दरबारी रागात प्रार्थना म्हणत देह ठेवला. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केलं. चिंचेखालची हजेरी म्हणूनच त्यांच्या पायाशी लावलेली हजेरीही असते.

हा सूर मिरजेच्या वेशीबाहेर नेला तो तबकड्यांनी. ओडियन कंपनीच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. मैफलीत तासभर रमणाऱ्या गवयाला ती तुरुंगासारखी वाटायला हवी. पण खाँसाहेबांनी तेवढ्यातही घाई केली नाही. त्यांची झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका मुलाने ऐकली आणि १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घर सोडून पळाला. बरीच भटकंती करून तो पोहोचला खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे, कुंदगोळला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. गुरूच्या निधनानंतर, १९५३ पासून, पुण्यात भरू लागलेला सवाई गंधर्व महोत्सव हा या तबकडीचाच पुढचा धागा.

आणि ज्या झालरीच्या आधाराने हा सूर उभा राहिला, ती उठवणाऱ्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.