खुंटीची बाज

खुंटीची बाज : नुकत्याच तोडलेल्या, न वाळवलेल्या लाकडाचे खूर (पाय) व सुक्या लाकडाच्या खुंट्या यांच्या योगाने, खिळा वा सरस न वापरता जोडलेले, अंगणात बसण्या-निजण्याचे साधन. ही बाज मूर्तिजापूरकडची (जि. अकोला). हा पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा मुलूख, येथे बांधावरची बाभूळ व निंब हाताशी, सागवान मात्र मेळघाटाकडचे, त्यामुळे गावच्या वाढयाचे (सुताराचे) कसब प्रायः बाभळीवरच घडले.

बाभूळ वाळली म्हणजे वाकसाला दाद देत नाही, ओली असता मात्र सुखाने कापली जाते. परंतु ओलेपणाचा खरा उपयोग याहून निराळा आहे. ताज्या लाकडातील पाणी सुमारे तीस टक्क्यांच्या खाली उतरू लागले, की लाकूड आडव्या अंगाने आकुंचन पावते. वार्षिक वलयांच्या दिशेने हे आकुंचन त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट, आणि उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ शून्य असते. म्हणून खूर ओला ठेवून त्यात किकऱ्याने पाडलेल्या भोकात चौकटीच्या पूर्ण वाळलेल्या दांड्याचे कुसू (भोकात बसणारे टोक) ठोकले, तर पुढे खूर वाळता वाळता त्या कुसवाला आपणच आवळून धरतो. उलट दांडाही ओलाच घेतला, तर तोही आटतो आणि सांधा खिळखिळा होतो. उतावळ्या कारागिराची ही नेहमीची चूक. खुंटीही सुकीच हवी, व ती करवतीने कापलेली नव्हे, तर रेषेवर फोडून तासलेली असावी. कुसवातील खुंटीचे भोक खुरातील खुंटीच्या भोकापासून केसभर दांड्याकडे सरकवून पाडले, म्हणजे ठोकली जाणारी खुंटी कुसू आत खेचून घेते.

लोखंड टाळण्यास काटकसरीखेरीज रासायनिक कारणही आहे : बाभळीतील टॅनिनाशी ओलाव्यात लोखंडाचा संयोग होऊन खिळ्याभोवती काळा डाग पडतो व खिळाही गंजतो. चामडे कमावण्यास याच झाडाची साल वापरतात, हे येथे आठवावे. बाभळीच्या बाहेरच्या फिकट लाकडाला किडा लवकर लागतो; त्यावर ओंडका पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी तजवीज आहे. ओल्या लाकडावरचे काम इतरत्रही होत असे : इंग्लंडात चिल्टर्न टेकड्यांवरील कारागीर ओल्या बीचच्या लाकडाचे खुर्च्यांचे पाय रानातच कातीत असत, पण ते वाळल्यावर हाय विकमच्या कारखान्यांकडे जात; आमच्या वाढयाला असा कारखाना पाठीशी नव्हता.

रुंद फळ्यांस ओल्या लाकडाची ही पद्धत मानवत नाही, त्या वाकतात वा तडकतात. बाजेत फळीच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. तिचे अंग अंबाडीच्या सुतळीने विणतात, आणि सुतळीचा ताण चौकटीला चहूंकडून आत ओढून सांध्यांचे काम हलके करतो. वैशाखात सारे घर अंगणात निजावयास येते, तेव्हा दांडे आटून बाज कुरकुरते. आषाढात तेच दांडे फुगून ती मुकी होते. ढिली झालेली खुंटी मागून ठोकून काढता येते व नवी बसविता येते. गंजलेल्या खिळ्याच्या बाबतीत ही सोय नाही.