ट्रायम्फ स्पिटफायर

ब्रिटनमधील कॉव्हेंट्री येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली, दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी क्रीडामोटार. एकूण सुमारे ३ लाख १४ हजार गाड्या निघाल्या. मागील निलंबनातील (चाके सांगाड्यास जोडणाऱ्या लवचिक व्यवस्थेतील) दोष आणि त्याचे निराकरण यांमुळे या गाडीचा इतिहास उद्‌बोधक ठरतो.

ट्रायम्फ हेरल्ड (१९५९) या कौटुंबिक गाडीच्या यंत्रभागांवर ही गाडी आधारलेली होती. बाह्यांगाचा आराखडा जोव्हान्नी मिकेलॉत्ती या इटालियन अभिकल्पकाने केला. आरंभीचे एंजिन १,१४७ घ. सेंमी. क्षमतेचे व ६३ अश्वशक्तीचे होते. पुढील चाकांना त्रिकोणी भुजांची जोडी व मळसूत्री स्प्रिंगा होत्या. मागे मात्र काटकसरीसाठी हेरल्डचाच झुलता आस व एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग ठेवण्यात आली.

झुलत्या आसाच्या प्रत्येक अर्ध्या भागास केवळ आतील टोकाशी, विभेदक दंतचक्रपेटीजवळ, सांधा असतो. बाहेरील टोकाशी चाक काटकोनात पक्के असते. साहजिकच आस वरखाली झाला, की चाकही कलते. वेगाने वळण घेत असता चालकाने गतिवर्धकावरील पाय एकदम काढल्यास भार पुढे सरकतो व मागील भाग उचलला जातो. बाहेरील बाजूचे चाक आत दुमडून त्याची रस्त्यावरील पकड सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. नवख्या चालकास हे धोक्याचे होते.

१९७० च्या चौथ्या आवृत्तीत यावर साधा उपाय योजण्यात आला. स्प्रिंगेचे बहुतेक पाटे मध्यभागी झुलते ठेवण्यात आले. त्यामुळे गाडी कलण्यास होणारा मागील स्प्रिंगेचा विरोध बराच घटला. तो पुढील जाड स्थिरक दंडाकडे सोपविण्यात आला. १९७३ मध्ये मागील अर्ध-आसांची लांबीही वाढविण्यात आली. मद्रास येथे हेरल्डच्या धर्तीवर स्टँडर्ड हेरल्ड ही गाडी तयार होत असे; तिच्या मागून आलेल्या स्टँडर्ड गॅझेलमध्ये झुलता आस टाकून अखंड ताठ आस घेण्यात आला.

जुनी स्पिटफायर विकत घेणाऱ्यास बहुधा प्रथम निलंबन सुधारण्याची इच्छा होते. परंतु नुसत्या कडक स्प्रिंगांनी चाकाच्या कलण्याची भूमिती बदलत नाही. जुन्या आवृत्तीस झुलत्या पाट्यांची स्प्रिंग बसविता येते; तथापि तिच्याबरोबर पुढील जाड स्थिरक दंडही बसवावा लागतो, अन्यथा गाडी वळणावर फार कलते. चांगले आघातशोषक आणि नवे बुश यांचा लाभ खर्चाच्या मानाने अधिक असतो.

सुधारणेपूर्वी तपासणी मात्र अनिवार्य होय. पुढील चाकाचा उभा दुवा खालच्या टोकाशी आटे असलेल्या सांध्यात फिरतो. त्यास नियमितपणे जाड तेल द्यावे लागते. हयगय झाल्यास आत पाणी शिरून आटे गंजतात आणि अखेर दुवा मोडून चाक कोलमडते. मागील चाकांना आधार देणारे दंड पुढील टोकाशी गाडीच्या पत्र्यास जोडलेले असतात. तो पत्रा गंजला असल्यास कोणतीही महाग स्प्रिंग चाकाची दिशा स्थिर राखू शकत नाही.