उन्हात लोळण्याची मुभा

सिडनीच्या किनाऱ्यावर दिवसाढवळ्या पाण्यात उतरणं हा एके काळी गुन्हा होता. १८३० च्या दशकातल्या कायद्यांनी सकाळी सहा ते रात्री आठ या वेळात, चारचौघांच्या नजरेला पडेल अशा जागी आंघोळ करायला बंदी घातली होती. ज्यांना समुद्राची हौस त्यांनी ती पहाटे किंवा अंधारात भागवावी, असा हिशोब. १९०२ च्या ऑक्टोबरात मॅनली या उपनगरातल्या वृत्तपत्राचा संपादक विल्यम गोचर याने आपण भरदुपारी समुद्रात उतरणार, असं स्वतःच्याच पत्रात जाहीर केलं आणि तो उतरला. पोलिसांनी त्याच्यावर खटला भरलाच नाही. पुढच्याच वर्षी मॅनलीच्या नगरपालिकेने दिवसभर पोहायला परवानगी दिली. अट एकच, मानेपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकलेलं हवं. गोचरचं धाडस नंतर जरा फुगवून सांगितलं गेलं. लोक आधीपासून हळूहळू कायदा मोडतच होते. पण १९०७ साली बॉन्डाय, मॅनली आणि कूजी इथे जे घडलं त्याला अतिशयोक्तीची गरज नाही. वाळूवर ओल्या कपड्यांत लोळणाऱ्या पुरुषांना वैतागून किनाऱ्यावरच्या नगराध्यक्षांनी पुरुषांच्याही पोहण्याच्या पोशाखाला परकर जोडायचा घाट घातला. तेव्हा शेकडो पुरुष बायकांचे परकर, खिडक्यांचे पडदे, टेबलावरची कापडं कमरेला गुंडाळून मिरवणुकीने समुद्रावर आले. हजारो लोक ती गंमत बघायला जमले आणि प्रस्ताव हसण्यावारी गेला. उन्हात उघड्या अंगाने पडून राहण्याची मुभा सिडनीकरांनी अशी भांडून, टिंगल करून मिळवलेली आहे. पुढे कातडीच्या कॅन्सरचा प्रश्न उभा राहिला तेव्हा तो नुसता वैद्यकाचा प्रश्न राहू शकला नाही, त्याचं मूळ इथे आहे.

या इतिहासाबद्दल नेहमी सांगितलं जातं ते असं: बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं, विज्ञान पुढे गेलं तेव्हा धोका कळला. हे खरं नाही. हॅम्बुर्गच्या उन्ना यांनी १८९४ मध्येच खलाशांच्या रापलेल्या कातडीवर होणाऱ्या कॅन्सरचं वर्णन केलं होतं. बोर्दोचे द्युब्रय द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांच्या चेहऱ्यावर तेच बघत होते. आणि खुद्द सिडनीत नॉर्मन पॉल या त्वचारोगतज्ज्ञांनी ऊन आणि कातडीचा कॅन्सर यांच्या संबंधावर आख्खं पुस्तक लिहिलं, ते प्रसिद्ध झालं १९१८ साली. म्हणजे बॉन्डायच्या वाळूवर माणसांची दाटी व्हायला लागली त्याच सुमारास, त्याच शहरात, धोक्याचं पुस्तक छापून तयार होतं. मग ते कुणाला का लागू पडलं नाही? माझ्या मते उत्तर ज्ञानाच्या कमतरतेत नाही, ते ज्ञान कुणाच्या अंगाला चिकटलं होतं यात आहे. खलाशी, द्राक्षमळ्यातला मजूर, मेंढपाळ, शेतकरी. कानाच्या पाळीवर, खालच्या ओठावर, मानेच्या मागच्या बाजूला वर्षानुवर्षं ऊन झेललेली ही माणसं. त्यांचा कॅन्सर म्हणजे कष्टाचा कॅन्सर, जसा मजुराच्या हाताला घट्टा. शहरातला कारकून आठवडाभर छताखाली बसून रविवारी समुद्रावर जातो, त्याचा या कातडीशी काय संबंध, असंच कुणालाही वाटलं असतं. आणि वाटलं.

उलट त्याच्यासाठी ऊन औषध होतं. क्षयरोगाच्या त्वचेवरच्या एका प्रकारावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल डेन्मार्कच्या फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लेझाँला रोलिये यांनी क्षयरोग्यांना उन्हात झोपवायला सुरुवात केली. पहिलं महायुद्ध संपता संपता मुडदुसावर अतिनील किरण गुणकारी ठरले. धुराने काळवंडलेल्या शहरांतून आलेल्या लोकांना हे पटायला वेळ लागला नाही. सिडनीत तर औषध फुकट होतं आणि तिथवर जायला ट्राम होती. मॅनलीची बोट शहरापासून सात मैल आणि चिंतांपासून हजार मैल नेते, अशी जाहिरातच होती. मराठीत आपण ‘ऊन खाणं’ म्हणतो, पण खायचं ते कोवळं. रणरणत्या उन्हात कुणी खायला बसत नाही, ते ‘लागतं’. सिडनीच्या सहलीत हा भेद पुसला गेला, कारण सुटीचा मधला वेळ आणि उन्हाचा कडक वेळ एकच. १९३७ च्या सुमारास सिडनीचा छायाचित्रकार मॅक्स डुपेन याने दक्षिणेकडच्या कलबरा किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या एका माणसाचं छायाचित्र काढलं. कॅमेरा वाळूला टेकलेला, समोर ओलं डोकं, दंड आणि खांदा, आणि पाठीवर अजून न वाळलेले पाण्याचे थेंब. तो माणूस प्रत्यक्षात ब्रिटिश होता. चित्र मात्र १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियाची ओळख बनलं. सरकारला त्या काळात काळजी होती ती निराळीच. १९३५ मध्ये मंत्री स्पूनर यांनी पोहण्याच्या चड्डीचा पाय निदान तीन इंच हवा आणि पुरुषांचीही छाती झाकलेली हवी, असा नियम काढला. किनाऱ्यावरचे निरीक्षक मोजपट्टी घेऊन फिरत ते सभ्यतेसाठी. कातडी कुणी मोजत नव्हतं.

सिडनीतच काम करणारे संख्याशास्त्रज्ञ लँकेस्टर यांनी १९५६ मध्ये मृत्यूंच्या नोंदी मांडून दाखवलं, की गोऱ्या लोकांमध्ये मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू विषुववृत्ताच्या दिशेने वाढत जातात. दोष उन्हाचा, या निष्कर्षावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा, की तपासण्या वाढल्या म्हणून रुग्ण वाढलेले दिसतात. आजच्या आकड्यांबद्दल त्यात तथ्य आहे, पण लँकेस्टर यांनी मोजले होते मृत्यू, तेही तीळ तपासायच्या मोहिमांच्या कितीतरी आधी. दुसरा आक्षेप ओझोनचा. त्या थराला अंटार्क्टिकावर भोक पडल्याचं १९८५ मध्ये जगाला कळलं; पॉल यांचं पुस्तक त्याच्या ६७ वर्षं आधीचं. खरं कारण जुनं आणि साधं आहे. लंडन ५१ अंश उत्तरेला, सिडनी ३४ अंश दक्षिणेला, आणि कातडी मात्र तीच, जहाजातून आणलेली. हजारो वर्षं तिथे राहिलेल्या मूळ रहिवाशांच्या सावळ्या कातडीला हा रोग क्वचितच होतो. तिसरी गोष्ट मात्र माझ्या म्हणण्याला सगळ्यात जास्त बळ देते. रोज उन्हात राबणाऱ्याला होणारा कॅन्सर बहुधा चेहऱ्यावर, हातावर दिसतो आणि साठत गेलेल्या उन्हाचा असतो. मेलानोमाचा ओढा वेगळा आहे: अधूनमधून मिळालेलं जहाल ऊन, सोललेली पाठ, लहानपणी भाजलेले खांदे. पुरुषांत तो पाठीवर जास्त आढळतो आणि बायकांत पायांवर. ही शेतात उघडी पडणारी अंगं नव्हेत, किनाऱ्यावर उघडी पडणारी आहेत. कारकुनाचा रविवार त्याच्या पाठीवर लिहिलेला होता. डॉक्टर इतकी वर्षं मजुराचे कान वाचत होते.

मग बदल झाला तो कसा? भीती घालून नव्हे, निदान मुख्यतः नव्हे. १९८१ मध्ये व्हिक्टोरियाच्या कॅन्सर संस्थेने ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ ही मोहीम काढली, तिचा नायक सिड नावाचा गाणारा-नाचणारा समुद्रपक्षी. अंगात शर्ट, अंगाला ऊन अडवणारं मलम, डोक्यावर टोपी. समुद्रावर जाऊ नका असं त्यात कुठेही नव्हतं. ज्या मुभेसाठी लोक परकर नेसून मिरवले, ती काढून घ्यायचा प्रयत्न झाला असता तर सिडचीही १९०७ सारखीच टिंगल झाली असती. एका गाण्याला इतकं श्रेय देणं भाबडेपणाचं आहे, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. शाळांनी ‘टोपी नाही तर खेळ नाही’ हा नियम केला, राज्यांनी पैसे देऊन कातडी रापवून घ्यायच्या यंत्रांवर २०१४ ते २०१६ च्या दरम्यान बंदी आणली, आणि क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावात १९९२ पासून सुमारे १६०० लोकांवर झालेल्या चाचणीने रोज मलम लावण्याचा फायदा आकड्यांत दाखवला. तरीही आज सत्तरी गाठेपर्यंत दर तीन ऑस्ट्रेलियनांपैकी दोघांना कातडीचा कुठला ना कुठला कॅन्सर होतो, असं तिथलीच कॅन्सर संस्था सांगते. जुन्या रविवारांचं व्याज अजून फिटतं आहे. दरम्यान किनाऱ्यावरची पोरं लांब बाह्यांच्या, गुडघ्याला टेकणाऱ्या घट्ट पोशाखात पाण्यात उतरतात. मॅनलीच्या १९०३ च्या नगरपालिकेला त्यात खोट काढता आली नसती. भरदुपारी पाण्यात जाऊ नये, हा सल्लाही जुन्या कायद्याच्या वेळापत्रकाची आठवण करून देणारा.

या सगळ्यात सिडनीतल्या मराठी कुटुंबांची जागा अवघडलेली आहे. सावळ्या कातडीला उन्हाने होणाऱ्या कॅन्सरचा धोका पुष्कळ कमी, आणि सतत झाकून राहिल्याने ड जीवनसत्त्व कमी पडण्याचा जास्त. एकाच वर्गातल्या दोन मुलांना एकच टोपी, पण दोघांचा हिशोब उलटा. म्हणून हा गोऱ्यांचा रोग आहे, आपल्याला काय त्याचं, असं म्हणावंसं वाटतं. पण ही चूक जुन्याच जातीची आहे, धोका दुसऱ्याच्या अंगाला चिकटवून मोकळं होण्याची. सावळ्या माणसांत मेलानोमा होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नसतो, आणि कुणी शोधत नसल्यामुळे उशिरा सापडतो. १९८१ साली, सिड नाचू लागला त्याच वर्षी, बॉब मार्ली गेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलानोमाने. नातवाच्या दप्तरात टोपी रोज आठवणीने जाते. आजोबांचे तळवे मात्र मोज्यांत असतात.